ओव्हनमधली पत्रं

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, लाँड्रीच्या वर आमची खोली.
खाली यंत्रं फिरतात तेवढीच पायाला ऊब;
मीटरचं कार्ड आम्ही शेवटच्या अर्ध्या तासासाठी राखतो.

गुरुवारी सहाला लॉर्ना थिकेट येते. वय चोपन्न.
अंगाला हॅडॉकचा वास. तो जाणार नाही,
हे तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.
डोळे मिटून ती माशाचा काटा अख्खा सोडवते,
पण कागदावरचे बी आणि डी
तिच्यापुढे पोट फिरवून झोपतात,
कधी या कुशीवर, कधी त्या.

शाळेत तिला ढ म्हणायचे.
एक अख्खं अक्षर माणसाच्या कपाळावर मारायचं
आणि वर म्हणायचं, हिला अक्षर येत नाही.

मी काही मास्तर नव्हे.
तीस वर्षं धक्क्यावर पेट्या मोजल्या.
शिकवणं म्हणजे सांगणं, असं वाटायचं;
पहिले तीन महिने मी तेच तेच
मोठ्यानं सांगत राहिलो, जणू ती बहिरी आहे.

मग ग्रंथालयातल्या प्रिसिलानं
एक निळा पारदर्शक कागद आणून पानावर ठेवला.
लॉर्ना बराच वेळ गप्प.
"थांबली," म्हणाली.
काय थांबलं?
"अक्षरं. भरती आल्यासारखी हलायची.
मला वाटायचं सगळ्यांचीच हलतात,
तुम्ही लोक फक्त पोहायला शिकलात."

जादू वगैरे नाही हं.
पुढच्या आठवड्यात ती कागद घरी विसरली,
त्याच्या पुढच्या आठवड्यात रात्रपाळीनं डोळेच उघडेनात,
आणि मग महिनाभर आलीच नाही:
हजेरीचं पत्र वाचलं नाही म्हणून भत्ता बंद,
आणि बसला दोन पौंड.
आम्ही वर्गणी काढून बसचा पास दिला.
तिनं तो घेतला, आणि बदल्यात
वर्तमानपत्रात गुंडाळलेले मासे टेबलावर आदळले.
हिशेब चुकता.

"घरी अशी किती पत्रं आहेत?" मी विचारलं.
"ओव्हनभर."
गॅस तोडल्यापासून ओव्हन रिकामाच होता,
आणि त्याचं दार घट्ट लागतं.

दोन पिशव्या भरून आणली. सगळे खाकी लिफाफे.
दर गुरुवारी एक, डोळे मिटून तीच काढायची,
लॉटरीसारखा.
वीजबिल. दंड. वीजबिल.
मेलेल्या नवऱ्याला क्रेडिट कार्डाचं आमंत्रण,
त्यावर आम्ही खूप हसलो.

मग एक पांढरा निघाला. शाळेचा शिक्का, पंधरा वर्षांपूर्वीचा.
चाळीस मिनिटं लागली. बस गेली.
बोट ठेवत, सुरी धरावी तसं बोट ठेवत:
"टॅम-सिन-ला… वा-च-ता-ना… त्रास… होतो.
आपण… भेटायला… यावं."

मी रुमाल शोधत होतो. ती रडली नाही.
विचारलं, "कधीपर्यंत?"
तारीख खालीच होती. मंगळवार, चार वाजता.
त्या शाळेत आता टायर ठेवतात,
हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.
तिनं पेन्सिल घेतली. लिफाफ्याच्या पाठीवर
एकेक अक्षर उभं करत लिहिलं: येते.
त्यातलं एक उलटं होतं.
मी दुरुस्त केलं नाही.

पुढच्या गुरुवारी जिन्यावर दोन पावलांचे आवाज.
टॅमसिन. पंचविशीला आलेली,
डाव्या अंगठ्यावर आईसारखाच सुरीचा व्रण.
दाराजवळची खुर्ची, हाताची घडी,
कोट काढला नाही.
"मी फक्त हिला सोडायला आलेय."

मी बरं म्हणालो. किटली लावली.
निळा कागद टेबलाच्या मधोमध पडला होता.
खाली यंत्रानं कपडे पिळायला घेतले,
खोली थरथरली, कपबश्या वाजल्या,
आणि कागद हळूहळू सरकत
तिच्या बाजूच्या कडेला गेला.

तिनं उचलला नाही.
एक बोट टेकवून
पडू मात्र दिला नाही.